मागूर: एका माशाचा श्वास आणि त्याचे पाणी

मासा पाण्यात गुदमरून मरू शकतो का? वर्गात हा प्रश्न विचारला, तर मुले हसतील. मासे कल्ल्यांनी श्वास घेतात आणि पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगतात, हे त्यांनी प्राथमिक शाळेतच पाठ केलेले असते. पण बिहार, बंगाल किंवा आसाममधील एखाद्या मासळीबाजारात जाऊन पाहा. टोपलीतले रोहू आणि कटला निपचित पडलेले असतात. शेजारच्या घमेल्यात मात्र, जेमतेम अंग भिजेल एवढ्या पाण्यात, काळसर रंगाचे, बिनखवल्यांचे, लांब मिशांचे मासे तासन्‌तास वळवळत असतात. मधूनच एखादा तोंड वर काढून हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. हाच मागूर.

मागूर हवेत श्वास घेतो, ही गोष्ट मासे धरणाऱ्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. विज्ञानाला ती नीट समजायला दोनशेहून अधिक वर्षे लागली. या काळात मागूरला नाव मिळाले, त्याचे विच्छेदन झाले, त्याच्यावर प्रयोग झाले. पण बहुतेक वेळा तो त्याच्या पाण्यापासून वेगळा काढून पाहिला गेला, आणि दर वेळी काही ना काही निसटत गेले. हा इतिहास शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे, कारण तो अजून संपलेला नाही. इतका चिवट मासा आज संकटग्रस्त जातींच्या यादीत जाऊन बसला आहे.

बेडकाचे नाव आणि मागूरचे नाव

सजीवांना दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देण्याची पद्धत प्राण्यांच्या बाबतीत १७५८ सालापासून ग्राह्य धरली जाते. त्या वर्षी स्वीडनच्या कार्ल लिनिअसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. तीत ‘सायलुरस बॅट्रॅकस’ नावाचा एक मासा आहे. बॅट्रॅकस म्हणजे बेडूक. त्याचे ठिकाण म्हणून लिनिअसने एवढेच लिहिले, की तो आशिया आणि आफ्रिकेत आढळतो. दोन खंड मिळून एक पत्ता! लिनिअस स्वतः आशियात कधी आला नव्हता. मासा कोणत्या पाण्यातला, हे त्या नोंदीवरून कळण्याचा मार्ग नव्हता.

पुढे १७९४ साली बर्लिनमधील वैद्य आणि मत्स्यशास्त्रज्ञ मार्कुस ब्लॉख याने मागूरसारख्याच दुसऱ्या एका भारतीय माशाचे वर्णन केले. तो मासा तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी या तेव्हाच्या डॅनिश वसाहतीतून आला होता. ब्लॉखने त्याला ‘फॉसिलिस’ हे नाव दिले. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘खणून काढलेला’ असा आहे. आपण ज्याला शिंगी म्हणतो तो हा मासा. तळे आटले की तो ओल्या चिखलात दडून राहतो. नावात त्याच्या घराचा निदान एक धागा तरी उरला.

मागूरला त्याचे स्वतःचे नाव मिळाले ते फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यांच्यामुळे. हे स्कॉटलंडचे डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. १८०७ ते १८१४ या काळात बंगाल प्रांताच्या सर्वेक्षणाचे काम त्यांच्याकडे होते. शेती, हस्तोद्योग, जातीजमाती, बाजारभाव यांची नोंद करता करता त्यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांचीही वर्णने लिहिली आणि चित्रे काढून घेतली. भारत सोडताना चित्रांचा मोठा संग्रह त्यांना कलकत्त्यातच ठेवून जावे लागले. तरीही १८२२ साली एडिंबरो येथे त्यांचा गंगेतील माशांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात अडीचशेहून अधिक माशांची वर्णने आहेत.

हॅमिल्टन यांची एक सवय आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अनेक माशांना त्यांनी स्थानिक लोकांच्या तोंडी असलेलीच नावे शास्त्रीय नावे म्हणून दिली. रोहिता, कटला, मृगाला ही नावे त्यांचीच. तसाच ‘मॅक्रोप्टेरोनोटस मागूर’. यातील पहिल्या शब्दात पाठीवरच्या लांबलचक पराचा उल्लेख आहे, आणि दुसरा शब्द थेट बंगालच्या बाजारातून उचललेला आहे.

परंतु हॅमिल्टन यांनी माशांचे नमुने जपून ठेवले नव्हते. पुढच्या अभ्यासकांच्या हाती फक्त वर्णन आणि चित्र होते. विसाव्या शतकात भारतातला मागूर आणि लिनिअसचा बॅट्रॅकस हे एकच, असे मत रूढ झाले, आणि आपल्या महाविद्यालयांतील पाठ्यपुस्तकांतून ‘क्लॅरिअस बॅट्रॅकस’ हेच नाव शिकवले जाऊ लागले.

बरणीतला मासा

नावाचा घोळ चालू असतानाच श्वासाचा शोधही सुरू झाला होता. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत गेलेला फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्रॉय सेंत-इलेर याने नाईल नदीतील मागूरच्या एका भाऊबंदाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, झाडाच्या फांद्यांसारखे इंद्रिय पाहिले होते. १८३१ साली जॉन टेलर यांनी गंगेतील काही माशांच्या श्वसनेंद्रियांवर निबंध प्रसिद्ध केला. इंद्रिय आहे हे दिसले होते. त्याचे काम काय, हा प्रश्न होता.

हा प्रश्न प्रयोगाने सोडवण्याचा प्रयत्न फ्रान्सिस डे यांनी केला. डे मद्रासच्या सैन्यात डॉक्टर होते आणि पुढे भारतातील मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक झाले. ‘फिशेस ऑफ इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात निघाला आणि आजही तो वापरात आहे. हवेत श्वास घेणाऱ्या भारतीय माशांना त्यांनी भांड्यात ठेवले आणि पृष्ठभागाखाली अडसर लावून त्यांची हवेकडची वाट बंद केली. मासे मेले. पाण्यात असूनही ते गुदमरले. जॉर्ज डॉब्सन यांनीही १८७४ साली या माशांच्या श्वसनावर लिहिले. यावरून असा समज दृढ झाला, की या माशांचे कल्ले कुचकामी आहेत आणि हवा मिळाली नाही तर ते कोणत्याही पाण्यात बुडून मरतात.

प्रयोग साधा आणि हुशारीचा होता. पण त्या भांड्यातल्या पाण्यात ऑक्सिजन किती होता? हे मोजण्याची सोपी आणि खात्रीची पद्धत तेव्हा उपलब्धच नव्हती. ती १८८८ साली हंगेरीच्या लायोश विंकलर याने दिली. मँगनीज सल्फेट, अल्कधर्मी आयोडाइड, आम्ल आणि शेवटी पिष्टाच्या साक्षीने थायोसल्फेटचे अनुमापन, असा तो प्रयोग आजही आपले विद्यार्थी करतात. डे यांच्या प्रयोगात मासा होता, भांडे होते, अडसर होता. ज्यावर सगळे अवलंबून होते त्या पाण्याचे मोजमाप मात्र नव्हते.

पुढे १९८७ साली कॅनडातील संशोधकांनी मागूरच्याच प्रजातीतील ‘क्लॅरिअस मॅक्रोसेफॅलस’ या आग्नेय आशियाई माशाचे बारकाईने निरीक्षण केले. पाण्यात भरपूर ऑक्सिजन असेल, तर हवेची वाट बंद करूनही हा मासा जगतो, असे त्यांना आढळले. म्हणजे ‘हा मासा बुडतो का?’ या प्रश्नाला ‘कोणत्या पाण्यात?’ हा प्रतिप्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

डोक्यातले झाड

विसाव्या शतकात या अभ्यासाची सूत्रे बऱ्याच अंशी भारतीय संशोधकांच्या हाती आली. बसंत कुमार दास यांचा भारतातील हवा-श्वासी माशांवरचा दीर्घ निबंध १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे मासे कसे जगतात, याबरोबरच त्यांची श्वसनेंद्रिये पिल्लांच्या वाढीत कशी तयार होतात, हे त्यांनी त्यात मांडले. सुंदरलाल होरा यांनी १९३५ साली या माशांच्या उत्क्रांतीचा विचार केला. दत्ता मुन्शी यांनी १९६१ साली मागूरच्या श्वसनेंद्रियाची सूक्ष्म रचना उलगडून दाखवली.

ही रचना समजून घेण्यासाठी आधी साधा मासा पाण्याबाहेर का मरतो ते पाहू. हवेत ऑक्सिजन तर कितीतरी जास्त असतो. मग तो गुदमरतो कशाने? कल्ल्यांच्या पातळ पाकळ्या पाण्यात मोकळ्या तरंगतात. पाण्याबाहेर काढल्यावर त्या ओल्या केसांसारख्या एकमेकींना चिकटतात आणि वायूंची देवाणघेवाण करणारा पृष्ठभाग एकदम घटतो.

मागूरमध्ये कल्ल्यांच्या वर दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. दुसऱ्या आणि चौथ्या कल्ला-कमानीवरून निघालेली लालबुंद, फांद्या फुटलेली झाडे या पोकळीत उभी असतात. त्यांना आतून कूर्चेचा आधार असल्यामुळे ती हवेत मिटत नाहीत. झाडांवर आणि पोकळीच्या अस्तरावर केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. मासा तोंडाने हवा घेतो, ती या पोकळीत साठवतो आणि वापरलेली हवा कल्ल्यांच्या झाकणाखालून सोडून देतो. ही झाडे म्हणजे कल्ल्यांचेच बदललेले रूप आहे, हे मुन्शी यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. शिंगीने वेगळा मार्ग काढला आहे. तिच्या कल्ल्यांच्या पोकळीपासून दोन लांब हवेच्या पिशव्या निघतात आणि पाठीच्या कण्यालगत, स्नायूंमधून, शेपटीच्या दिशेने दूरवर जातात.

मग कल्ल्यांचे काम काय उरले? १९७१ साली बी. एन. सिंग आणि इंग्लंडमधील जी. एम. ह्यूज यांनी मागूर हवेतून किती आणि पाण्यातून किती ऑक्सिजन घेतो हे मोजले. साध्या पाण्यात, हवेची वाट मोकळी असताना, निम्म्याहून अधिक ऑक्सिजन हवेतून येत होता, उरलेला पाण्यातून. कार्बन डायऑक्साइड मात्र बहुतांशी पाण्यातच सोडला जातो, कारण तो पाण्यात सहज विरघळतो. थोडक्यात, मागूर दोन दुकानांत खाते ठेवणारा ग्राहक आहे. आणायचे ते दोन्हीकडून आणतो. टाकायचे ते मुख्यतः पाण्यात टाकतो.

येथे एका गैरसमजाची नोंद करायला हवी. मागूर म्हणजे बेडूक होण्याच्या वाटेवरचा मासा, असे कधीकधी वर्गात सांगितले जाते. ते बरोबर नाही. उभयचर प्राणी मांसल परांच्या माशांच्या एका प्राचीन शाखेतून आले. मागूरचे कुळ त्याहून अगदी वेगळे आहे. हवेत श्वास घेण्याची क्षमता माशांच्या अनेक कुळांत स्वतंत्रपणे निर्माण झालेली आहे. मागूरला जमिनीवर राहायला जायचे नाही. त्याला त्याच्या पाण्यात टिकायचे आहे.

ज्या पाण्याने हा मासा घडवला

कसे असते हे पाणी? काही आकडे पाहू. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. पंचवीस अंश सेल्सिअस तापमानाच्या, हवेने पूर्ण संपृक्त झालेल्या एक लिटर गोड्या पाण्यात तो सुमारे ६ मिलिलिटर असतो. पाणी तापले की हे प्रमाण आणखी उतरते. त्यात ते पाणी उथळ, साचलेले आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्याने भरलेले असेल, तर जिवाणूच बहुतेक ऑक्सिजन संपवतात. दिवसा पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषणाने थोडी भर घालतात, रात्री त्याच वनस्पती ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे पहाटेच्या वेळी अशा डबक्यातला ऑक्सिजन अगदी तळाला जातो.

उष्ण प्रदेशातील दलदलीचे पाणी मोजून पाहण्याचे एक महत्त्वाचे काम भारताबाहेर झाले. १९२६-२७ साली केंब्रिजचे कार्टर आणि बीडल हे दोघे दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वेच्या दलदलीत जाऊन राहिले. तेथील पाण्यात ऑक्सिजन फारच कमी असतो आणि तेथे हवेत श्वास घेणारे मासे अनेक कुळांतले आहेत, हे त्यांनी दाखवले. आता मासा आणि पाणी यांचा एकत्र विचार सुरू झाला.

आपल्याकडे मागूरचे घर म्हणजे गंगा-ब्रह्मपुत्रेचे पूरमैदान. उत्तर बिहारमध्ये पावसाळ्यात भरणाऱ्या बशीसारख्या सखल भागांना ‘चौर’ म्हणतात, आणि नदीने सोडून दिलेल्या जुन्या वळणांच्या तळ्यांना ‘मन’. बंगाल-आसामात ‘बील’ असतात. भोवती भाताची खाचरे असतात. आपल्याकडे पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाच्या तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्यांच्या मुलखात, ढीवर समाजाला मागूर परिचित आहे. पश्चिम किनाऱ्यावर त्याचाच एक वेगळा भाऊबंद, ‘क्लॅरिअस डुसुमिएरी’, आढळतो.

उन्हाळ्यात पाणी आटत जाते तेव्हा मागूर उरलेल्या गढूळ डबक्यात किंवा ओल्या चिखलात तग धरतो. अशा वेळी आणखी एक अडचण येते. माशांच्या शरीरात तयार होणारा विषारी अमोनिया एरवी पाण्यात वाहून जातो. पाणीच नसेल तर? शिलाँग येथील संशोधकांनी १९८० च्या दशकापासून केलेल्या कामातून दिसले, की शिंगी आणि मागूर हे मासे अमोनियाचे कमी विषारी युरियात रूपांतर करू शकतात. आपल्या यकृतात चालणारे यूरिया-चक्र या माशांतही चालते.

पावसाळा आला की चित्र पालटते. नवे पाणी बांधावरून वाहू लागते. रात्रीच्या पावसात मागूर छातीच्या परांतील काट्यांचा आधार घेऊन, अंग वळवत, ओल्या गवतातून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातो. नव्याने बुडालेल्या उथळ जागी, गवतात केलेल्या खळग्यात मादी अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो.

येथेच या साऱ्या गोष्टीतील कळीचा मुद्दा आहे. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या डोक्यात ते झाड नसते. ते काही दिवसांनी वाढते. तोवर पिल्लाला पाण्यातल्या ऑक्सिजनवरच जगावे लागते. म्हणजे मोठ्या मागूरला कोंडलेले, साचलेले पाणी चालते. पिल्लाला मात्र पावसाचे नवे, उथळ, मोकळे पाणी लागते. मागूर कुठेही जगतो, हे अर्धेच सत्य आहे. त्याला दोन पाणी लागतात आणि त्या दोहोंना जोडणारी वाटही लागते.

दुसरा मागूर

१९७१ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने हवा-श्वासी माशांच्या संवर्धनासाठी अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू केला. ज्या दलदली निरुपयोगी मानल्या जात, त्यांतून सकस अन्न मिळवावे, हा त्यामागचा विचार होता. पण मागूरचे बीज तयार करणे सोपे नाही. तो वर्षातून एकदाच, पावसाळ्यात विणतो. नराच्या शरीरातून दाबून शुक्रद्रव मिळत नाही, त्यामुळे प्रजननकेंद्रात नर मारून वृषण काढावे लागते.

या अडचणीवर बाजाराने स्वतःचा तोडगा काढला. आफ्रिकेतील ‘क्लॅरिअस गॅरिएपिनस’ हा मासा झपाट्याने वाढतो आणि मीटरभराहून लांब होऊ शकतो. १९८९ साली तो थायलंडमधून बांगलादेशात आला आणि तेथून १९९० च्या दशकात परवानगीशिवाय भारतात पसरला. आपण त्याला ‘थाई मागूर’ म्हणतो. नाव पुन्हा चुकले! त्याचे शास्त्रीय नाव दक्षिण आफ्रिकेच्या गॅरिएप, म्हणजे ऑरेंज, नदीवरून पडले आहे. योगायोग असा, की बर्चेल याने ते नाव १८२२ सालीच प्रसिद्ध केले, ज्या वर्षी हॅमिल्टन यांचा मागूर प्रसिद्ध झाला त्याच वर्षी.

हा मासा मिळेल ते खातो. इतर मासे, बेडूक, काहीही. तळ्यातून निसटला की देशी माशांवर ताव मारतो. थायलंडमध्ये त्याचा स्थानिक क्लॅरिअसशी केलेला संकर तळ्यांत वाढवला जातो. तेथील नद्या-नाल्यांतल्या स्थानिक माशांत आफ्रिकी माशाची जनुके शिरल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. भारत सरकारने २००० साली या माशाच्या संवर्धनावर बंदी घातली. तरीही तो तळ्यांतून वाढवला जात राहिला, आणि २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाला महाराष्ट्रातील एका प्रकरणात हे साठे नष्ट करण्याचा आदेश द्यावा लागला.

नाव परत मिळाले

२००८ साली हेओक ही एन्ग आणि मॉरिस कोटेलाट या मत्स्यशास्त्रज्ञांनी लिनिअसच्या ‘बॅट्रॅकस’चा माग काढला. मूळ नमुना उपलब्ध नसल्यामुळे त्यांनी जावा बेटावरील नमुना त्या नावाचा आधार म्हणून निश्चित केला. जावातला मासा आणि भारतातला मासा वेगळे आहेत, हेही त्यांनी दाखवले. त्यामुळे आपल्या माशाला हॅमिल्टन यांनी दिलेले, बाजारातले नाव परत मिळाले: क्लॅरिअस मागूर.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. जोवर भारतापासून जावापर्यंत एकच मासा आहे असे मानले जात होते, तोवर त्याची चिंता करण्याचे कारण दिसत नव्हते. इतक्या विस्तीर्ण प्रदेशातला, शिवाय १९६० च्या दशकात थायलंडमधून अमेरिकेतील फ्लोरिडात जाऊन तेथेही पसरलेला मासा दुर्मीळ कसा म्हणायचा? नावे वेगळी झाल्यावर भारतीय उपखंडातील मागूरचा हिशेब स्वतंत्रपणे मांडता आला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ ठरला. नद्यांवरील बांधांमुळे चौर आणि नदी यांच्यातली वाट तुटते, सखल जमिनी भर घालून बुजवल्या जातात, भातखाचरांत कीटकनाशके पडतात. मोठा मासा तग धरतो, पण पिल्लांचे पाणी नाहीसे होते.

महसुलाच्या भाषेत अशा जागेला आपण पडीक म्हणतो, आणि बोलताना डबके. शाळेच्या जवळ असे एखादे डबके किंवा बोडी असेल, तर पावसाळ्यानंतरच्या एखाद्या दिवशी विंकलरची पद्धत वापरून तेथील ऑक्सिजन पहाटे आणि दुपारी मोजावा. पाण्याचे तापमान घ्यावे. पाण्यात कोणते मासे आहेत आणि त्यांना गावात काय म्हणतात, हे जुन्या मासेमारांना विचारून लिहून ठेवावे. पाच-सात वर्षे अशा नोंदी ठेवल्या, तर त्या पाण्याचे काय होत आहे हे त्या गावाला तरी कळेल. हॅमिल्टन यांनी दोनशे वर्षांपूर्वी नावे विचारून लिहून घेतली, म्हणून मागूरचे नाव वाचले. त्याच्या पाण्याची नोंद अजून बऱ्याच ठिकाणी व्हायची आहे.